दारव्ह्यातल्या अर्ध्या राहिलेल्या तारा

८ डिसेंबर. सकाळी ओट्यावर जुना पेपर पसरून मी पकडी पुसत बसले होते. एकेक पक्कड उघडायची, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, दोनचार वेळा मिटून बघायची आणि कापडाने कोरडी करून पिशवीत ठेवायची. तारा कापायची वेगळी, वाकवायची वेगळी, तार अडकवायला दातावर चिकटवलेला ब्रॅकेट काढायची वेगळी. नवरा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "मुलाखतीला चाललीयस की नळ दुरुस्तीला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. नाशिकला मी बरीच वर्षं किडलेले दात भरले, दुखणारे काढले, म्हाताऱ्यांना कवळ्या बसवल्या. चाळिशी उलटल्यावर पुढच्या परीक्षेला बसले आणि माझ्या मुलीच्या वयाच्या जवळपासच्या पोरांबरोबर तीन वर्षं रेसिडेन्सी केली. या उन्हाळ्यात ऑर्थोडॉन्टिस्ट झाले, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणारी डॉक्टर. मधल्या काळात नवऱ्याची बदली अमरावतीला झाली होती. तिथल्या दवाखान्यांत माझ्या कामाच्या जागा आधीच भरलेल्या. म्हणून शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फोन केले. तीन ठिकाणांहून "येऊन भेटा" असं उत्तर आलं.

नाशिकच्या मैत्रिणींना वाटलं, मी नोकरीच्या मुलाखतीला निघालेय, टेबलापलीकडे तीन माणसं बसतील. आमच्या कामात तसं नसतं. छोट्या गावातल्या दंतवैद्याला तारांचा डॉक्टर कायमचा ठेवणं परवडत नाही. तो महिन्यातला एक दिवस ठरवून देतो. त्या दिवशी आपण पिशवी घेऊन जायचं, त्याच्याच खुर्चीवर आपले पेशंट बघायचे. अशी तीनचार गावं जमली की पोटापाण्याचं होतं. अट एकच. एका तोंडातलं काम दीडदोन वर्षं चालतं, तितके दिवस न चुकता जायचं.

यवतमाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. नेर मागे पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसायला लागला. वेचणी चालू होती. बायका कमरेला कापडाची झोळी बांधून वाकलेल्या होत्या, आणि भरलेल्या झोळ्यांमुळे लांबून सगळ्याच गरोदर दिसत होत्या. सोयाबीन निघून गेलेल्या रानात नुसती खुंटं. मधल्या ओळींत तूर उभी, तिला खाली शेंगा आणि वर अजून पिवळी फुलं. शेजारच्या बाई माझी पिशवी बघून म्हणाल्या, "कोण्या गावच्या जी तुम्ही?" नाशिकची म्हटल्यावर म्हणाल्या, "बाप्पा! इतक्या दुरून काहून (कशाला) आल्या?" तीन दिवस हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला.

यवतमाळचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, काचेचा, थंडगार. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठंय, काकू?"

"मीच डॉक्टर," मी म्हटलं.

तिने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नाही याची खात्री झाल्यावर आत फोन लावला.

डॉक्टर निखिल तिशीचे, चटपटीत, बोलायला नम्र. त्यांच्याकडे सगळं होतं: नवी खुर्ची, एक्स-रेचं यंत्र, दातांचा फोटो संगणकावर फिरवून दाखवणारा स्कॅनर. मला दर रविवार देऊ केला. शहरातली कॉलेजची मुलं, सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांची मुलं, काम भरपूर. "दोनच गोष्टी, मॅडम," ते म्हणाले. "जिल्ह्यात दुसरीकडे बसायचं नाही. आणि दुसऱ्याने सुरू केलेल्या केसेस घ्यायच्या नाहीत. फक्त नव्या."

दुसरी अट मला शहाणपणाची वाटली. आमचे सरही हेच सांगायचे. दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या तोंडाला हात लावला की आधीच्या सगळ्या चुका आपल्या होतात. पेशंटला आधीचा डॉक्टर आठवत नाही, शेवटचा आठवतो.

"परवा संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हटलं. बाकीची दोन गावं बघायचं कबूल केलं होतं, ते मोडायचं नव्हतं. पण खरं तर जिना उतरतानाच माझं ठरत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आर्णीवरून महागावला गेले. बसमध्ये अर्धी माणसं मोबाईलवर कापसाचे भाव बोलत होती. महागावात दोघं नवरा-बायको दंतवैद्य आहेत, माणसं सरळ. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की तारांचे पेशंट इथे फार नाहीत, ज्यांना हवं ते पुसदला नाहीतर नांदेडला जातात. तरी बोलावलं, कारण कोणी स्वतःहून फोन केला याचंच त्यांना नवल वाटलं. मी "महिन्याचा दुसरा रविवार" असं काही बोलत होते तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या.

"मॅडम, इथं रविवारी आम्हीच घरी झोपून राह्यतो. तारीख तर कोणी ध्यानातच नाही ठेवत. बाजाराचा वार सांगा, माणूस बरोबर येते."

जेवायला त्यांनी सोलेभात केला होता. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. ते लसूण-मिरचीच्या फोडणीत भाताबरोबर शिजवतात, वरून सांभार (कोथिंबीर) आणि कच्चं तेल. मी दोनदा मागून घेतला. काम मिळालं नाही, पण दिवस वाया गेला असंही वाटलं नाही. संध्याकाळी यवतमाळला परत येऊन लॉजवर झोपले.

दारव्ह्याच्या डॉक्टर सलीम यांनी फोनवर आधीच "बाजाराच्या दिवशीच या" असं बजावलं होतं. महागावला जे ऐकलं त्यामुळे आता त्याचा अर्थ लागला. सकाळची बस चुकली, म्हणून काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसले. पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चौघं, मधल्यावर मी, दोन बाया, एक मेथीचं गाठोडं. जीप भरेपर्यंत हलली नाही आणि भरल्यावरही आणखी दोघांसाठी थांबली.

दारव्ह्यात शिरताना बाजारामुळे रस्ता अडला होता. शेजारून भोंगा लावलेली एक ऑटो चालली होती. आधी चपलांच्या सेलची जाहिरात झाली, मग साडीच्या दुकानाची. मग आवाज आला, "दातांच्या तारांची मोठी डॉक्टरीणबाई आज आलेली आहे! ज्यांच्या तारा अर्ध्या राह्यल्या, त्यांनी डॉक्टर सलीमच्या दवाखान्यात यावं! मोठी डॉक्टरीणबाई आज आलेली आहे!"

मी अजून जीपमध्येच होते. मेथीवाल्या बाईंनी विचारलं, "तुम्हीच का काय?" मी पकडींची पिशवी पायाने बाकाखाली सरकवली.

दवाखाना बाजारातच, एका कापड दुकानाच्या बाजूला. बाहेरच्या पडवीत माणसांपेक्षा पिशव्या जास्त. वांगी, मिरच्या, एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. बाजार करून लोक पिशव्या इथे ठेवतात आणि नंबर येईस्तोवर उरलेली खरेदी आटपतात. सहायक नंदाताई दात बघायला मदत करतात आणि कोणाची पिशवी कुठली हेही सांभाळतात.

डॉक्टर सलीम पन्नाशीचे, बारीक, दाढी पांढरी व्हायला लागलेली. त्यांच्या वडिलांचं बाजारात सायकलचं दुकान होतं, घरातले पहिले डॉक्टर हेच. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, "डॉक्टर, मी काम घ्यायचं अजून कबूल केलेलं नाही. भोंगा कशाला लावला?"

ते मुळीच ओशाळले नाहीत. "मॅडम, बैठो तर पहले. पेशंट पाहिल्याशिवाय तुम्ही काय ठरवणार? आणि भोंग्याशिवाय पेशंट येत नाही. तुम्ही नाही म्हणा, मी पुढच्या बाजारात भोंग्यावरून सांगून देतो, डॉक्टरीणबाई चालली गेली. इथं सगळं भोंग्यावरूनच होते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आधी एक तरुण डॉक्टर दर महिन्याला यायचा. काम चांगलं होतं. त्याने बऱ्याच मुलामुलींना तारा लावल्या. मग दूर कुठे मोठी जागा मिळाली आणि तो एकदम यायचा बंद झाला. त्यालाही वर्ष होऊन गेलं. "माझ्या दुकानातून तारा लागल्या, म्हणून शिव्या मला," सलीम म्हणाले. "मला हे काम येत नाही. नवीन पेशंट मी तुम्हाला नंतर देईन. पहिले हे पुरे करा. ही माझी शर्त आहे."

म्हणजे निखिल जे नको म्हणत होते, नेमकं तेच इथे आधी करायचं होतं. आणि जिल्ह्यात दोन्हीकडे बसता येणार नव्हतं.

"मी फक्त बघते," मी म्हटलं. "हात लावणार नाही."

पहिली खुर्चीत आली पल्लवी. एकोणीस वर्षांची, फार्मसी शिकणारी, ओठ घट्ट मिटून बोलायची सवय लागलेली. बरोबर तिची आई सुमनबाई, ऐन वेचणीचा दिवस मोडून आलेल्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तोंड उघडल्यावर मला गोष्ट कळली. पुढचे दात आत घ्यायला जागा हवी म्हणून वरच्या दोन्ही बाजूंचा एकेक चांगला दात काढला होता. त्या जागा रबराच्या साखळीने ओढून बंद करायच्या होत्या. साखळी केव्हाच मेली होती, पिवळी पडून लोंबत होती. जागा अर्ध्याच बंद झालेल्या. मागच्या तारेचं टोक बाहेर येऊन गालाला टोचत होतं, त्यावर तिने मेणबत्तीचं मेण लावलं होतं. नेमकी हीच युक्ती आम्हीही शिकवतो, मेण थोडं बरं असतं इतकंच.

"जागा किती कमी झाली, काही कळलं का तुला?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "पहिले तिथं तुरीचा अख्खा दाणा बसे, मॅडम. ते डॉक्टर येत होते तवा कमी कमी होत गेलं, मंग नुसती डाळ बसाले लागली. तवापासून डाळच बसून राह्यली. मी रोज पाहतो."

(इकडे मुली आणि बायकासुद्धा 'मी पाहतो', 'मी जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी खटकतं, तिसऱ्या दिवशी लक्षातही येत नाही.)

मी आरसा फिरवून मागच्या दाढा बघत होते, तेवढ्यात सुमनबाईंनी विचारलं, "तुम्ही येतान ना पुढच्या महिन्याले?"

"ते अजून ठरलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग पोरीच्या तोंडात हात कायले घालून राह्यल्या?"

नंदाताई म्हणाल्या, "काकू, जरा धीर धरा ना. मोठ्या डॉक्टर आहेत त्या."

"तोबी मोठाच होता. गोड बोले, माय, इतकं गोड बोले, की मी त्याले दोन डाव (दोनदा) घरची डाळ देल्ली. दोन दात उपटले पोरीचे अन् चालला गेला. आता ह्या बाई पाहून चालल्या जातीन. आमचं पोट्टं का प्रदर्शनातलं ढोर आहे, जो येते तो दात मोजून जाते?"

पडवीतून कोणीतरी खो खो हसलं. पल्लवी खुर्चीतूनच ओरडली, "आई, चूप ना!" सुमनबाई चूप झाल्या नाहीत. माझ्याकडे वळून पुढे म्हणाल्या, "काढून तरी टाका. तार काढून टाका, पोरीले मोकळं करा. नाहीतर पुरं करा. मधात नका ठेवू."

बाईचं म्हणणं योग्य होतं, पण त्यातला पहिला मार्ग बंद होता. तारा काढल्या तर बंद झालेली अर्धी जागाही पुन्हा उघडेल. दोन धडधाकट दात गेले, त्यांच्या जागी दोन खिंडारं, आणि हे जन्मभर. मी ते तसंच सांगितलं. सांगताना लक्षात आलं, मी पल्लवीकडे न बघता आईशी बोलतेय. मग तिच्याकडे वळले.

"तुझं काय म्हणणं?"

तिने ओठ मिटले, मग मुद्दाम उघडले. "मॅडम, तुम्ही येणार नसान तर आत्ताच सांगून द्या. मी पुसदले, यवतमाळले, कुठंबी जाईन. यवतमाळले एकदा गेलतो, तिथं म्हणे दुसऱ्याची केस आम्ही नाही घेत."

यवतमाळात तिला ते कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. कोणीही सांगितलं असतं. परवाच्या दिवशी मीही ते वाक्य मान डोलावून ऐकलं होतं. नियम म्हणून ते चुकीचं नाही. फक्त सगळ्यांनीच तो पाळला तर या मुलीने जायचं कुठे, याचा विचार त्या नियमात कोणी केलेला नाही.

मी हातमोजे काढले आणि बाहेर येऊन सलीम यांना म्हटलं, "माझ्याही शर्ती आहेत. प्रत्येकाचा नवा एक्स-रे. पहिले दोन महिने नवा पेशंट एकही नाही. आणि दिवस पक्का, महिन्याचा दुसरा बाजार. त्या दिवशी तुमची खुर्ची दिवसभर माझी."

"दिवसभर?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, बाजाराच्या दिवशीच माझा धंदा आहे."

"मग दुसरी खुर्ची घ्या."

ते नंदाताईंना म्हणाले, "या तर त्याच्यापेक्षा कडक आहेत." आणि मला, "ठीक आहे. मी पडवीत बसून दात काढीन, और क्या. दुपारी जेवायला मात्र आमच्या घरी. बायकोने दालचा करून ठेवलाय, नाही म्हणाल तर मला घरात घेणार नाही."

पिशवी उघडून पकडी उकळायला दिल्या. मेलेली साखळी कापून काढली, गंजल्यासारखी काळपट झालेली तार बदलली, टोक आत वळवलं, नवी साखळी लावली. तार ताणली तेव्हा पल्लवीने खुर्चीचा हात घट्ट धरला, पण हूं की चूं केलं नाही. सुमनबाई जवळ उभ्या राहून प्रत्येक हालचाल बघत होत्या, जणू वजनकाट्यावर कापूस चढतोय.

"अन् नाही आल्या तर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझा फोन नंबर घ्या. नाही आले तर शिव्या द्यायला लागेल."

त्यांनी लगेच पदराच्या गाठीतून मोबाईल काढला.

दुपारपर्यंत आणखी बरीच अर्धवट तोंडं बघितली. एका शाळकरी मुलाचे ब्रॅकेट बोरं खाऊन खाऊन पडले होते. निकाहाची तारीख ठरलेली एक मुलगी तारा त्याआधी निघतील का विचारत होती. नाही निघणार असं सांगितल्यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चलेगा. फोटो में मुँह बंद रखूँगी." दोघांना मी सांगितलं की तुमचं आता माझ्याने होणार नाही, नागपूरला जा. हेही सांगावं लागतं. दालचा म्हणजे डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवलेलं, भातावर घेऊन खायचं. सलीम यांच्या घरी मी तो इतका खाल्ला की दुपारच्या पहिल्या पेशंटला वाकून बघताना त्रास झाला.

परतीला दारव्ह्याहून नेर, नेरहून अमरावती. नेरच्या स्टँडवरून डॉक्टर निखिल यांना फोन केला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, दर रविवारचं पक्कं काम होतं. पुन्हा विचार करा. तिकडे नुसती डोकेदुखी आहे." मी म्हटलं, आहे. ते चांगले गृहस्थ आहेत आणि त्यांना दुसरी कोणीतरी मिळेल. बसमध्ये थोडा वेळ मलाही वाटलं की मी धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा केलाय. अजूनही तो विचार पूर्ण गेलेला नाही. पण नवं काम सुरू करायला कोणीही तयार असतं. मला वाटतं, पहिली नोकरी म्हणजे कोणीतरी आपली वाट बघत असणं. ते कुठल्या खुर्चीवर, हा पुढचा प्रश्न. बाहेर वेचणी आटपून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घराकडे चालल्या होत्या, कापसाच्या ढिगावर, पाय सोडून.

नवऱ्याने विचारलं, "मग, मिळाली नोकरी?" मी म्हटलं, "मिळाली. आणि अर्ध्या गावाला भोंग्यावरून कळलीही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी पल्लवीच्या घरी फोन लावला. नवी तार पहिल्या रात्री सगळ्यात जास्त दुखते.

"कोण जी?" सुमनबाईंचा आवाज.

"तारवाली डॉक्टर. पोरीला दुखलं का रात्री?"

"दुखलं म्हणता? भाकर सोडून निरा (नुसतं) दूध पिऊन झोपली. सकाळपासून तुम्हाले शिव्या देऊन राह्यली."

मागून ओरडणं ऐकू आलं, "मी नाही देऊन राह्यलो, मॅडम! खोटं बोलते ती!"

"देऊ दे," मी म्हटलं. "दुखतंय म्हणजे तार ओढतेय. आज मऊ भात द्या, उद्यापासून कमी होईल. टोक कुठे टोचतंय का बघा."

त्यांनी तिला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. मी फोनवर थांबून राहिले.

"नाही टोचून राह्यलं," सुमनबाई म्हणाल्या. "अन् ऐका, बाई. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजाराले आल्या नाही, तर पोरीले अंथरुणासकट तुमच्या घरी आणून सोडतो. अमरावती काही लंडन नाही."

"येते," मी म्हटलं, फोन ठेवला आणि बोरं खाणाऱ्या मुलाच्या घरचा नंबर लावला.